स्नायूंचा चुरा आणि मूत्रपिंडाची चाळणी

धुळ्याहून आग्रा रोडने मालेगावकडे निघाले की थोड्याच अंतरावर लळिंगचा किल्ला लागतो. तुमच्यापैकी पुष्कळ जण शाळेच्या सहलीबरोबर तो चढून आले असतील. त्या सहलीतली एक गोष्ट आठवून पाहा. चढताना छाती भात्यासारखी हलत होती, दर वीस पावलांवर बसावेसे वाटत होते. उतरताना मात्र तुम्ही गप्पा मारत, उड्या मारत खाली आलात. दम लागला नाही, घामही फारसा आला नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी? मांड्या अशा भरून आल्या की शाळेच्या पायऱ्या उतरताना कठड्याला धरावे लागले.

मांड्या कशाने भरल्या, असे विचारले तर दहांतले नऊ जण सांगतील, चढण्याने. उत्तर चूक आहे. मांड्या भरतात त्या मुख्यतः उतरण्याने! हे सिद्ध करणे सोपे आहे. उंच इमारतीत लिफ्टने वर जाऊन फक्त जिना उतरणारा मनुष्य दुसऱ्या दिवशी लंगडतो. पायी वर जाऊन लिफ्टने उतरणारा फारसा लंगडत नाही.

पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याला हे कोडे आवडावे असेच आहे. उतरताना काम तर गुरुत्वाकर्षण करते. मग स्नायूंना शिक्षा कशाची? या कोड्याचा मी वर्गात बरीच वर्षे गमतीने उपयोग करीत होतो. त्याची दुसरी बाजू मला माझ्या एका विद्यार्थ्याने दाखवली. ती गमतीची नव्हती.

हा मुलगा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होता. गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, राहायला वसतिगृहात, आणि मनात पोलीस भरती. आपल्या जळगाव-धुळ्याकडे पहाटे पाच वाजता कुठल्याही मोकळ्या मैदानावर जाऊन पाहा, अशी शेकडो मुले-मुली धावताना दिसतील. धुळ्यात राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक ६ आहे, त्यामुळे वर्दीचे आकर्षण इकडे आणखीनच. तर हा मुलगा दिवाळीच्या सुटीत घरी गेला, महिनाभर सराव सुटला, आणि परत आल्यावर पहिल्याच दिवशी मित्रांशी पैज लावून त्याने तीनशे बैठका मारल्या. पैज जिंकली. तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत तो टेबलाला धरून उभा होता. आमच्या प्रयोगशाळेतल्या परिचरांनी विचारले, "काय व्हयनं रे भाऊ?" तेव्हा तो माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, उभं राहवत नाही. बसू का?"

मांड्या भरल्या असतील, असे मी म्हणालो. तो थोडा घुटमळला, मग हळूच म्हणाला, "सर, लघवी कोऱ्या चहासारखी होतेय. उन्हाळी लागली असेल म्हणून धन्या-जिऱ्याचं पाणी घेतोय. आणि दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणल्यात."

मलाही त्या क्षणी यातले गांभीर्य पुरते कळले नव्हते, हे कबूल करतो. पण नोव्हेंबरच्या थंडीत उन्हाळी कशी लागेल, एवढी शंका आली आणि त्याला स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेले. तेथे एक चमत्कारिक गोष्ट पाहिली. लघवीत बुडवण्याची रंगपट्टी सांगत होती की लघवीत रक्त आहे. तोच नमुना सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर तांबड्या रक्तपेशी जवळजवळ नव्हत्याच. रक्त आहे, पण रक्तपेशी नाहीत! डॉक्टरांनी लगेच ओळखले. ती पट्टी रक्त ओळखत नाही, 'हीम' नावाचा लोहयुक्त रेणुभाग ओळखते. तो रक्तातल्या हीमोग्लोबिनमध्ये असतो, तसाच स्नायूंतल्या मायोग्लोबिनमध्येही असतो. त्या मुलाच्या लघवीतून त्याच्या मांड्यांचे स्नायू वाहून चालले होते.

या विकाराचे नाव लांबलचक आहे : ऱ्हॅब्डोमायोलिसिस. ग्रीक भाषेत ऱ्हॅब्डॉस म्हणजे काठी किंवा दांडी, मायो म्हणजे स्नायू आणि लिसिस म्हणजे सुटे होणे, विरघळणे. सूक्ष्मदर्शकाखाली ज्यांच्यावर पट्टे दिसतात अशा रेखित स्नायूंचे विघटन, असा त्याचा अर्थ.

आता आपल्या कोड्याकडे येऊ. कन्नडहून चाळीसगावकडे घाट उतरणारी एस.टी. आठवा. चालक गाडी खालच्या गिअरमध्ये टाकतो आणि जपून ब्रेक लावतो, कारण उतारावर गाडीची स्थितिज ऊर्जा कुठे तरी जिरवावी लागते. ती ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने जिरते. आपण उतरतो तेव्हा मांडीचा पुढचा स्नायू हाच ब्रेक असतो. ६० किलोग्रॅम वजनाचा मुलगा १०० मीटर उंची उतरला, तर ६० × ९.८ × १०० म्हणजे सुमारे ५९ हजार ज्यूल ऊर्जा बहुतांशी त्याच्या पायांच्या स्नायूंना जिरवावी लागते. चढताना स्नायू आखडत असताना जोर लावतो. उतरताना तो जोर लावत असतो आणि त्याच वेळी शरीराचे वजन त्याला ताणून लांब करीत असते. रस्सीखेचीत हरणाऱ्या संघासारखी त्याची अवस्था होते. पाय रोवलेले, तरीही फरफट चाललेली.

स्नायूचा एक धागा म्हणजे अतिसूक्ष्म खणांची लांब माळ असते. प्रत्येक खण मिलिमीटरच्या सुमारे चारशेव्या भागाएवढा. त्यात प्रथिनांचे जाड व बारीक तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. स्नायू ताणला जातो तसे हे तंतू एकमेकांतून बाहेर सरकतात आणि पकड घेणाऱ्या दुव्यांची संख्या घटते. भार मात्र तेवढाच राहतो. तो थोड्या दुव्यांवर पडला की कमकुवत खण ओढून फाटतात, आणि शेवटी धाग्याभोवतीचे पेशीपटलही फाटते.

येथे सर्वांत महत्त्वाचा मुद्दा येतो, आणि तो पाठ्यपुस्तकांत सहसा नसतो. ताणत असताना जोर लावणाऱ्या स्नायूला ऑक्सिजन फार थोडा लागतो. म्हणून उतरताना दम लागत नाही. दम लागणे हा किती ऑक्सिजन खर्च झाला ते दाखवणारा काटा आहे. स्नायू किती फाटले ते दाखवणारा नव्हे. गाडीचा वेग दाखवणारा काटा पाहून टाकीत पेट्रोल किती आहे ते ठरवावे, तशी आपली फसगत होते. तीनशे बैठका मारताना त्या मुलाला दम लागला, त्याने थांबून श्वास घेतला, काटा खाली आला, पुन्हा सुरू! त्याच्या मांडीत काय चालले आहे ते सांगणारा काटा त्याच्याजवळ नव्हताच. तो काटा हलतो एक-दोन दिवसांनी, वेदनेच्या रूपाने.

बैठकांचा हिशेब करून पाहू. एका बैठकीत शरीराचा सुमारे ५० किलोग्रॅम भार अर्धा मीटर खाली जातो व वर येतो. खाली जाताना जिरवायची ऊर्जा सुमारे २५० ज्यूल. तीनशे बैठकांना ७५ हजार ज्यूल. हे म्हणजे चाळीस मजली इमारत चढून उतरण्यासारखे झाले, तेही गुडघा पूर्ण वाकवून, एकाच जागी, एकाच स्नायूवर!

मग तालमीतले पैलवान रोज शेकडो बैठका काढतात ते कसे? सरावलेला स्नायू वेगळा असतो. अशा मर्यादित इजेनंतर स्नायू स्वतःची डागडुजी करतो, आणि पुढच्या वेळी तोच भार पडला तर इजा पुष्कळच कमी होते. हे संरक्षण काही आठवडे टिकते आणि सराव सुटला की ओसरते. खानदेशातल्या जुन्या तालमींत वस्ताद नव्या पोराला पहिल्या दिवशी मोजक्याच बैठका काढू देत आणि हळूहळू वाढवत, त्याला शरीरशास्त्राचा भक्कम आधार होता. आमच्या मुलाचे नेमके हेच चुकले. सुटीआधी तो दीडशे सहज मारीत असे. सुटीनंतरही आपण तेच आहोत, असे त्याला वाटले.

आता फाटलेल्या पेशीच्या आत काय होते ते पाहू. पेशीच्या आत मोकळ्या कॅल्शियमचे प्रमाण बाहेरच्या मानाने सुमारे दहा हजारपट कमी असते. हा फरक टिकवण्यासाठी पेशीपटलातले पंप अहोरात्र चालतात आणि त्यांना ए.टी.पी. हे इंधन लागते. पटल फाटले किंवा इंधन संपले की कॅल्शियम आत घुसते. स्नायू आखडतो आणि सुटत नाही. शिवाय प्रथिने कापणारी विकरे जागी होतात आणि पेशी स्वतःलाच पचवू लागते. मग आतला माल रक्तात सांडतो. त्यात क्रिएटिन कायनेज नावाचे विकर असते. रक्तातले त्याचे प्रमाण एरवी दर लिटरला साधारण दोनशे एककांच्या आत असते. आमच्या विद्यार्थ्याचा आकडा पाच अंकी होता. त्याबरोबर पोटॅशियम सांडते, आणि सांडते ते मायोग्लोबिन.

मायोग्लोबिनबद्दल दोन शब्द लिहिल्यावाचून मला राहवत नाही, कारण हा रेणू आम्हा पदार्थविज्ञानवाल्यांचा लाडका. ज्याची त्रिमितीय रचना माणसाने प्रथम पाहिली ते प्रथिन हेच. केंब्रिज येथे जॉन केंड्र्यू यांनी क्ष-किरणांच्या विवर्तनाने १९५८ साली त्याची पहिली ढोबळ प्रतिकृती तयार केली. त्यासाठी मायोग्लोबिन घेतले होते देवमाशाच्या स्नायूंतून. बराच वेळ पाण्याखाली राहणाऱ्या त्या प्राण्याच्या स्नायूंत ऑक्सिजन साठवणारे हे प्रथिन खच्चून भरलेले असते. १९६२ साली केंड्र्यू आणि हीमोग्लोबिनवर काम करणारे मॅक्स पेरुट्झ यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. असो.

मायोग्लोबिनचा रेणू लहान आहे, रेणुभार सुमारे १७ हजार. हीमोग्लोबिनचा सुमारे ६४ हजार. हा फरक मूत्रपिंडाच्या दारात निर्णायक ठरतो.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख गाळणयंत्रे असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. प्रत्येकाच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा गुच्छ, आणि त्यापुढे लांब, बारीक, वळणावळणाची नलिका. गुच्छाच्या चाळणीतून पाणी, क्षार, साखर, युरिया असे लहान रेणू पार होतात. मोठी प्रथिने रक्तातच राहतात. १७ हजारांचे मायोग्लोबिन मात्र निसटून नलिकेत उतरते.

आणि नलिकेत उतरल्यावर त्याचे काय होते? दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, पण लघवी होते दीड लिटर. म्हणजे उरलेले पाणी नलिकेतून परत रक्तात शोषले जाते. जो पदार्थ परत शोषला जात नाही, तो वाटेत १२० पट दाट होतो! शरीरात पाणी कमी असेल आणि लघवी अर्धा लिटरच होत असेल, तर ३६० पट. शिवाय लघवी आम्लधर्मी असेल, तर मायोग्लोबिन तेथल्या दुसऱ्या एका प्रथिनाबरोबर साकळते आणि नलिकेत बुचे बसतात. त्यातल्या लोहामुळे नलिकेच्या अस्तराला इजा होते, ती वेगळीच. स्नायू सुजतात तेव्हा रक्तातले पाणी त्यांत ओढले जाते आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही आटतो. तीन बाजूंनी हल्ला.

केळीच्या बागेतले ठिबक ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे लगेच समजेल. नळ्यांतून वाहणारे पाणी क्षारयुक्त असेल आणि प्रवाह मंद असेल, तर ड्रिपर चोंदतात. मात्र एक फरक ध्यानात घ्या. चोंदलेले ठिबक शेतकरी आम्ल सोडून साफ करतात. मूत्रपिंडातली बुचे आम्लानेच घट्ट होतात. येथे उपाय एकच, भरपूर प्रवाह. म्हणून रुग्णालयात शिरेतून मीठ-पाणी देऊन लघवी भरपूर होईल असे पाहतात. ते वेळेवर मिळाले तर बहुतेक रुग्ण बरे होतात. उशीर झाला आणि मूत्रपिंडे बंद पडली, तर काही दिवस वा आठवडे डायलिसिसचा आधार घ्यावा लागतो. सुदैवाने तरुण माणसाची मूत्रपिंडे बहुधा पुन्हा काम करू लागतात.

पण मूत्रपिंडांआधी हृदय दगा देऊ शकते. शरीरातले सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते आणि त्यातले बहुतेक स्नायूंत. रक्तात त्याचे प्रमाण अगदी थोडे, दर लिटरला साडेतीन ते पाच मिलिमोल. स्नायूंचा साठा फुटला आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकू शकत नसली, तर हा आकडा वाढतो आणि हृदयाची लय बिघडते. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाताना केळी आणि शहाळे घेऊन जाण्याची पद्धत आहे. दोन्हींत पोटॅशियम भरपूर. एरवी ती गुणाचीच, पण अशा रुग्णाला डॉक्टर नेमकी तीच बंद करतात. जळगावच्या माणसाला केळे खाऊ नका असे सांगणे किती अवघड आहे, ते तुम्हीच जाणा!

हा विकार माणसाला नीट कळला तो व्यायामातून नव्हे, युद्धातून. १९४० साली लंडनवर जर्मन विमानांचे बॉम्बहल्ले सुरू झाले. कोसळलेल्या घरांखाली तासन् तास हात-पाय दबलेली माणसे बाहेर काढली जात. ती शुद्धीवर असत, बोलत असत, आता वाचली असे वाटे. मग लघवी गडद होई, कमी होई, आणि आठवड्याभरात रुग्ण दगावे. एरिक बायवॉटर्स आणि डेस्मंड बील या डॉक्टरांनी १९४१ साली अशा चार रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. दबलेल्या स्नायूंतले मायोग्लोबिन लघवीत सापडल्याचेही त्याच वर्षी नोंदवले गेले. तेव्हापासून मोठ्या भूकंपानंतर डॉक्टर या विकाराची वाटच पाहतात. तुर्कस्तानात ऑगस्ट १९९९ मध्ये झालेल्या भूकंपानंतर चारशेहून अधिक लोकांना यासाठी डायलिसिस करावे लागले. ढिगाऱ्याखाली अडकलेल्या माणसाचा हात नुसता दिसला, तरी त्याला बाहेर काढण्याआधीच शिरेतून पाणी सुरू करावे, हा आजचा नियम त्यातूनच आला.

घरावरचे छप्पर कोसळावे लागत नाही, साधे जोरही पुरेसे होतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तैवानमधल्या शाळेची हकीकत आहे. ११९ विद्यार्थ्यांना पाच मिनिटांत १२० जोर काढायला सांगितले होते. त्यानंतर मुले दंडांच्या वेदना आणि गडद लघवी घेऊन दवाखान्यात येऊ लागली. जानेवारी २०११ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाचे फुटबॉल खेळणारे तेरा धडधाकट तरुण एकाच वेळी रुग्णालयात दाखल झाले. सुटीनंतरच्या पहिल्याच दिवसांत त्यांच्याकडून खांद्यावर वजन घेऊन शंभर बैठका करून घेतल्या होत्या. पुन्हा सुटी, पुन्हा बैठका!

शिक्षक बंधुभगिनींना येथे एक विनंती करतो. उठाबशा म्हणजे बैठकाच. उशिरा आलेल्या, सराव नसलेल्या, कदाचित उपाशी असलेल्या मुलाला शंभर उठाबशा काढायला लावणे म्हणजे वरचाच प्रयोग त्याच्यावर करणे होय. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला बंदी घातली आहे, तरी उठाबशांना पुष्कळ जण शिक्षा न मानता व्यायाम मानतात. पेशीपटलाला हा भेद कळत नाही.

आता उन्हाचा विचार करू, कारण आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. ६० किलोग्रॅमचा तरुण एक किलोमीटर धावला की साधारण ६० किलोकॅलरी खर्च होतात. पाच किलोमीटरला ३००, म्हणजे सुमारे १२५० किलोज्यूल. त्यातली तीन-चतुर्थांश तरी उष्णताच होते : सुमारे ९४० किलोज्यूल. शरीराचे तापमान एक अंशाने वाढवायला ६० × ३.५ म्हणजे २१० किलोज्यूल लागतात. भागाकार करा. उष्णता बाहेर पडलीच नाही, तर तापमान साडेचार अंशांनी वाढेल. ३७ चे साडेएकेचाळीस!

ही उष्णता काढतो घाम. एक लिटर घामाचे बाष्प व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल लागतात, म्हणजे ४०० मिलिलिटर घाम पुरला पाहिजे. पण तो वाळला पाहिजे. खाली टपकलेला घाम काहीच नेत नाही. खानदेशात मे महिन्यातली हवा कोरडी, घाम लगेच वाळतो. पण त्वचेपेक्षा हवाच जास्त तापलेली असल्याने उलट बाहेरूनच उष्णता अंगात येते, आणि पाणी किती गेले ते कळतही नाही. किनाऱ्यावर हवा दमट, घाम वाळतच नाही. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीत काही तरुण कोसळले आणि दगावले. त्यावर राज्यभर चर्चा झाली आणि पुढे नियम बदलले. आज पोलीस शिपाई पदासाठी पुरुषांना १६०० मीटर व महिलांना ८०० मीटर धावावे लागते. तापलेला स्नायू लवकर फुटतो आणि पाणी कमी झालेले मूत्रपिंड लवकर चोंदते. म्हणून उष्माघात आणि ऱ्हॅब्डोमायोलिसिस पुष्कळदा जोडीने येतात.

आणखी एक गोष्ट खास आपल्या भागाची. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा आदी समाजांत आणि महाराष्ट्रातल्या इतरही काही समाजांत सिकलसेलचे जनुक आढळते. आई आणि वडील दोघांकडून ते आले तर आजार होतो. एकाकडूनच आले तर मनुष्य वाहक असतो. तो निरोगी असतो, खेळतो, धावतो. पण अतिश्रम, उष्णता आणि पाण्याची कमतरता एकत्र आली की ऑक्सिजन कमी पडलेल्या स्नायूंत वाहकाच्याही काही तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक वाहिन्या तुंबवतात. शिवाय वाहकाच्या मूत्रपिंडाला लघवी पुरेशी दाट करता येत नाही, त्यामुळे त्याचे पाणी लवकर संपते. अमेरिकन लष्करातल्या सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या अभ्यासात वाहकांना श्रमजन्य ऱ्हॅब्डोमायोलिसिसचा धोका ५४ टक्के जास्त आढळला. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. पण त्यातला दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा आहे : वाहकांत मृत्यूचे प्रमाण जास्त नव्हते, कारण पाणी, विश्रांती आणि उन्हाचे नियम त्या लष्करात सर्वांनाच लागू होते. तेव्हा वाहक मुलाने मैदान सोडावे, असा अर्थ कोणी काढू नये. त्याने आपण वाहक आहोत हे जाणावे आणि उन्हात पैजा लावू नयेत, इतकेच. तपासणी सोपी आहे, सरकारी रुग्णालयांत होते. १ जुलै २०२३ पासून तर सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियानच सुरू आहे.

आता ओळखायचे कसे? मांड्या भरणे तर सर्वांनाच ठाऊक आहे आणि त्याला घाबरायचे कारण नाही. व्यायामानंतर दुखणे दिवसागणिक कमी होण्याऐवजी वाढत असेल, स्नायू सुजून टणक झाले असतील, हात सरळ होत नसेल किंवा बसले की उठता येत नसेल, तर संशय घ्यावा. आणि लघवी कोऱ्या चहासारखी वा कोकाकोलासारखी झाली, किंवा फार कमी झाली, तर संशयाचा प्रश्नच उरत नाही. त्याच दिवशी रुग्णालयात जावे. उद्या रंग फिका झाला म्हणून निर्धास्त राहू नये, कारण मायोग्लोबिन एक-दोन दिवसांत निघून जाते, पण क्रिएटिन कायनेज वाढलेलेच असते. डॉक्टरांना कोणता व्यायाम, किती, केव्हा आणि कोणत्या गोळ्या घेतल्या ते सर्व सांगावे. गोळ्यांचे विशेष सांगावे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या आवळतात. पाणी कमी पडलेल्या, मायोग्लोबिनने भरलेल्या मूत्रपिंडाला त्या घातकच. सुजलेल्या मांड्यांची जोरजोराने मालिशही करू नये. तापातून उठल्यावर लगेच पूर्वीचा व्यायाम सुरू करू नये. आणि भीतीपोटी घटाघटा चार-पाच लिटर साधे पाणीही पिऊ नये; त्याने रक्तातले सोडियम उतरते आणि मेंदूला सूज येऊ शकते.

आमचा विद्यार्थी आठ दिवस रुग्णालयात होता. डायलिसिसची वेळ आली नाही. तेथेच त्याची सिकलसेलची तपासणी झाली आणि तो वाहक निघाला. घरी कळवल्यावर त्याच्या धाकट्या बहिणीचीही तपासणी झाली, तीही वाहक. तिलाही पोलिसांतच जायचे होते.

सव्वा महिन्याने डॉक्टरांनी त्याला मैदानावर जायची परवानगी दिली. तेव्हा त्याने प्रयोगवहीसारखी एक वही केली आणि मला दाखवायला आणली. पहिल्या पानावर रकाने आखले होते : तारीख, वेळ, हवेचे तापमान, बैठका, पाणी, लघवीचा रंग. पहिल्या ओळीत बैठकांच्या खाली आकडा होता १०. मी म्हणालो, "दहाच?" तो हसून म्हणाला, "सर, उद्या दुखलं नाही तर बारा." त्यापुढच्या रकान्यात बहिणीचे नाव होते आणि तिच्या बैठका आठ.